एक टॉमकॅट, तीन एडिटर: वाचनालय प्रकल्पाच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

शेवटी आज बसलो एकदाचे. इंदुरातल्या राजेंद्रनगरच्या आमच्या मराठी वाचनालयाचं देवघेवीचं सॉफ्टवेअर काउंटरवरच्या जुन्या विंडोज पीसीवर कित्येक वर्षं गुमान चालतंय, आता पीसी बदलायचाय म्हणून तेही हलवायचंय, आणि हलवतोच आहोत तर नीट करू असं ठरलं. करणारे तिघं. काका, बँकेच्या आयटीतून रिटायर, कोड लिहायच्या एडिटरांपैकी नेटबीन्स सोडून दुसरं काही उघडत नाहीत. मी उबंटूवर एक्लिप्सवाला. आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातली एक पोरगी, ती व्हीएस कोडवाली, आम्हा दोघांकडे बघून गालातल्या गालात हसते. एकादशी होती म्हणून काकूंनी साबुदाण्याची खिचडी पाठवली, इंदुरी पद्धतीची, वरून शेव मारलेली, उपासाची शेव अर्थात.

काय हातात आलंय ते लिहून ठेवतो. जावा ईई ७ (जावाचं सर्व्हरवरच्या कामाचं स्टँडर्ड), ग्लासफिश ४ (ते पाळणारा सर्व्हर), नेटबीन्सचा अँट प्रोजेक्ट, अँट म्हणजे कोड बिल्ड करून चालण्याजोगा बनवायचं टूल. ज्याने लिहिलं तो आता इंदुरात नाही, पण काम स्वच्छ आहे, सर्व्हलेट (ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणारे जावा क्लास) आणि जेएसपी (जावा घातलेली वेब पानं), डेटाबेसचं कनेक्शन सर्व्हरच्या पूलमधून म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यातून, ईजेबी वगैरे ईईची जड भानगड नाही. मी रेपो (कोडचा सामायिक साठा) क्लोन करून नेटबीन्सशिवाय नुसत्या अँटने बिल्ड करायला गेलो तर पहिल्याच पायरीला म्हणतं सर्व्हरचा क्लासपाथ (लायब्ऱ्या कुठे शोधायच्या ती यादी) नीट सेट नाही. कारण त्या प्रोजेक्टमध्ये सर्व्हर कुठल्या फोल्डरमध्ये बसलाय ते एनबीप्रोजेक्टच्या आतल्या प्रायव्हेट फोल्डरमधल्या फाइलीत असतं, आणि ती फाइल ज्याच्या त्याच्या मशीनपुरती, रेपोत टाकायची नसतेच. म्हणजे कोड आमचा, पण तो बिल्ड कसा करायचा हे एडिटरला आणि सर्व्हरला मिळून माहीत, आम्हाला नाही.

तर या प्रकल्पाचं खरं काम हेच, असं मी मोठ्याने म्हटलं आणि बाकी दोघांनी मान डोलावली (काकांनी जरा नाराजीने): तिघांनी आपापला एडिटर ठेवायचा, सर्व्हर एकच, आणि कुणाच्याही एडिटरची खाजगी गोष्ट रेपोत नको. जावा २१, सर्व्हर टॉमकॅट १०.१, बिल्ड मेव्हनने (अँटसारखंच टूल, पण कुठल्याही एडिटरला चालणारं). फुल ईई सर्व्हरचं आम्हाला काही कामच नाहीये, टॉमकॅटसारखा नुसते सर्व्हलेट-जेएसपी चालवणारा कंटेनर पुरे.

९ जुलै

काकांकडे गेलो होतो मेव्हनची फाइल दाखवायला, राहिलं बाजूला, तासभर इतिहास ऐकला. पण तो इथे लिहून ठेवण्यासारखाय कारण आपल्याला जे गुंते सोडवायचेत ते त्यातूनच आलेत.

नेटबीन्स मूळ प्राग शहरातल्या विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट, १९९६ चा, तेव्हा नाव झेल्फी. १९९९ मध्ये जावावाल्या सन कंपनीने विकत घेतला आणि २००० मध्ये ओपन सोर्स केला. ग्लासफिशही सनचाच, २००५ पासून. दोघं एकाच घरातले, त्यामुळे १० डिसेंबर २००९ ला जावा ईई ६, ग्लासफिश ३ आणि नेटबीन्स ६.८ तिन्ही एकाच दिवशी बाहेर आले. काकांच्या मते तसं सुख परत मिळालं नाही. फाइल सेव्ह केली की लगेच डिप्लॉय, म्हणजे सर्व्हरवर चढायची, आणि वर लॉगिनचं सेशनही टिकून राहायचं, म्हणजे प्रत्येक बदलानंतर परत पासवर्ड टाकायला नको. हे नुसत्या एडिटरने होत नाही, सर्व्हरने सेशन जपून ठेवायचं कबूल करावं लागतं, आणि दोन्ही टीम एकाच कंपनीत असल्यावर कबूल करणं सोपं जातं.

दुसऱ्यांच्या सर्व्हरसाठी म्हणून एक स्टँडर्ड काढलं होतं, जेएसआर ८८ (जेएसआर म्हणजे जावाच्या स्टँडर्डचा क्रमांकित प्रस्ताव), डिप्लॉयमेंटचं. कल्पना अशी की कुठलाही एडिटर कुठल्याही सर्व्हरशी एकाच भाषेत बोलेल. नेटबीन्सने सर्व्हर प्लगिन त्यावर उभे केले. पण स्टँडर्डमध्ये डिप्लॉय करा, चालू करा, थांबवा एवढंच, आणि डेव्हलपरला रोज लागतं ते त्याच्यापलीकडचं, डीबग मोड, लॉग, अर्ध्याच फाइली बदलल्या तर काय. मग प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळं प्लगिन लिहावंच लागायचं. जावा ईई ६ मध्ये ते छाटणीच्या यादीत गेलं, ७ मध्ये ऐच्छिक झालं, आणि जकार्ता ईई ९ मध्ये (जकार्ता हे जावा ईईचंच पुढचं नाव) काढूनच टाकलं. काका म्हणाले, बरं झालं. मला तसं नाही वाटत. कल्पना बरोबर होती, फक्त रोजच्या कामाची माणसं लिहायला बसवली नव्हती.

पुढे २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतली, २०१३ च्या शेवटी ग्लासफिशच्या पुढच्या व्यावसायिक आवृत्त्या नाहीत असं जाहीर केलं, त्यातूनच पुढे पयारा सर्व्हर जन्माला आला. २०१६ मध्ये नेटबीन्स अपाचे फाउंडेशनला (टॉमकॅट त्यांचाच) द्यायचं ठरलं, आणि २०१७ मध्ये अख्खं जावा ईई, ग्लासफिशसकट, एक्लिप्स फाउंडेशनकडे. आता गंमत बघा, नेटबीन्स नांदायला गेला टॉमकॅटच्या घरी आणि ग्लासफिश आली एक्लिप्सच्या घरी. साटंलोटंच झालं की. काकांना हे सांगितलं तर ते हसलेच नाहीत.

१३ जुलै, रविवार

जावाएक्स ते जकार्ता, म्हणजे कोडमधल्या पॅकेजांच्या नावांची सुरुवात बदलणं. आजचा दिवस पोरीचा.

थोडक्यात कारण: ओरॅकल आणि एक्लिप्स फाउंडेशनचं २०१९ मध्ये जावाएक्स नावावरून जमलं नाही, त्या नावाखालच्या पॅकेजांमध्ये फाउंडेशनला काही बदलायची मुभा नाही असं ठरलं. मग डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळ्या पॅकेजांची नावं एकदम बदलली. नवीन फीचर जवळजवळ काहीच नाही, मुद्दामच नाही, कारण सर्व्हरवाल्यांना आणि एडिटरवाल्यांना आधी नुसत्या नावबदलाशी जुळवून घ्यायला वेळ मिळायला हवा होता. एक अख्खी आवृत्ती टूलवाल्यांसाठी थांबून राहिली. या सगळ्या इतिहासात मला हा निर्णय सगळ्यात शहाणा वाटतो, भले वरून तो नुसता त्रास दिसत असला तरी.

टॉमकॅटमध्ये रेघ सरळ आहे, ९ पर्यंत जावाएक्स, १० पासून जकार्ता. जुनी वॉर फाइल (अख्खं वेब अ‍ॅप बांधलेली एक फाइल) तशीच १० वर टाकली तर सर्व्हलेट सापडतच नाही. टॉमकॅटवाल्यांनी त्यावर सोयही केलीय, वेबअ‍ॅप्स-जावाईई नावाचं फोल्डर करून त्यात जुनी वॉर टाकली तर सर्व्हर स्वतः बदलून नेहमीच्या वेबअ‍ॅप्समध्ये ठेवतो. आम्ही आधी तसं करून बघितलं, चालली, पाचच मिनिटांत लॉगिनचं पान उघडलं. पण सोर्स आपल्याच हातात असताना दर वेळी बदलून घेण्यात अर्थ नाही म्हणून सोर्समध्येच बदललं.

यात सरसकट शोधा-आणि-बदला चालत नाही. जावाएक्स सर्व्हलेट बदलतं, पण जावाएक्स एसक्यूएल आणि जावाएक्स नेमिंग बदलत नाही, ते जावा एसईचे म्हणजे मूळ जावाचे भाग, ते ईईबरोबर गेलेच नाहीत. आमच्या डेटाबेसच्या क्लासमध्ये हे दोन्ही एकाखाली एक आहेत. पोरीने आधी सगळ्या इम्पोर्टची (कोडने मागवलेल्या पॅकेजांची) यादी काढली, कुठलं कुणाचं ते तपासलं, मग बदललं. काका म्हणाले, हिला बँकेत घ्यायला हवं होतं.

ग्लासफिशच्या रिसोर्स फाइलीतला कनेक्शन पूल टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्ट फाइलीत नेला. पासवर्ड रेपोत नाही, बघून घेतलं.

२० जुलै, रविवार

पाऊस असा की पोरगी अर्ध्या रस्त्यातून परत गेली, कॉलवरच बसली.

आज कळलं की तिघांचा टॉमकॅट एक नाहीच. म्हणजे डाउनलोड एकच, पण सुरू करायची तऱ्हा वेगळी. नेटबीन्स टॉमकॅटची सर्व्हर सुरू करायची कॅटालिना स्क्रिप्ट चालवतो. ती स्क्रिप्ट सेटएन्व नावाची फाइल असेल तर आधी ती वाचते, म्हणून मेमरीचे आणि बाकीचे ऑप्शन तिथे ठेवायचे असा टॉमकॅटचा रिवाज. एक्लिप्स मात्र स्क्रिप्टच्या वाटेलाच जात नाही, तो टॉमकॅटचा बूटस्ट्रॅप क्लास थेट जावाने चालवतो, त्यामुळे सेटएन्वमध्ये काहीही लिहा, माझ्याकडे त्याचा पत्ताच नाही. वर एक्लिप्स वर्कस्पेसच्या आत कुठेतरी खोल टीएमपी० नावाच्या फोल्डरमध्ये सर्व्हरची स्वतःची वेगळी जागा करतो आणि सर्व्हर डॉट एक्सएमएलची (टॉमकॅटच्या सेटिंगच्या फाइलीची) कॉपी सर्व्हर्स नावाच्या प्रोजेक्टमध्ये. टॉमकॅटच्या मूळ फोल्डरमधली फाइल बदलून माझ्याकडे काही फरक पडत नाही तो यामुळे. सेटिंगमध्ये टॉमकॅटचंच इन्स्टॉलेशन वापर असं सांगता येतं, पण मग त्या फोल्डरचा ताबा एक्लिप्स घेतो, तसं तो तिथे लिहून सांगतोही.

यात कुणाचं चुकलं म्हणावं असं नाहीये. टॉमकॅटने कॅटालिना होम (प्रोग्रामची जागा) आणि कॅटालिना बेस (एकेका सर्व्हरच्या सेटिंगची जागा) वेगळे ठेवायची सोय फार पूर्वीपासून दिलीय, एका इन्स्टॉलेशनवर अनेक सर्व्हर चालावेत म्हणून, एक्लिप्स तीच सोय वापरतो, पुस्तकी हिशेबाने अगदी बरोबर.

काकांनी यावर जुना किस्सा काढला, टॉमकॅट ८ आणि नेटबीन्स ८ च्या काळात विंडोजवर पुष्कळांना आलेला. नेटबीन्स स्वतःची प्रॉक्सीची (नेटकडे नेणाऱ्या मधल्या सर्व्हरची) सेटिंग सर्व्हरला देतो, त्यात प्रॉक्सी नको असलेल्या पत्त्यांची यादी उभ्या रेघेने तोडलेली. टॉमकॅटच्या बॅच फाइलीत तोच ऑप्शन अवतरणात घातला जायचा, यादीला स्वतःची अवतरणं आधीच, एकात एक घुसली की बाहेरची बंद, आणि उभी रेघ उघड्यावर. विंडोजच्या कमांडला उभी रेघ म्हणजे पुढचा प्रोग्राम चालवा. मग तो १२७.०.०.१ (यादीतला आपल्याच मशीनचा पत्ता) नावाचा प्रोग्राम शोधायला जायचा आणि असा कुठला प्रोग्राम नाही म्हणून थांबायचा. लोक बॅच फाइलीतली अवतरणं हाताने काढायचे किंवा नेटबीन्समध्ये प्रॉक्सीची टिकमार्क. दोन्हीकडचा कोड सुटा सुटा वाचला तर ठीकच दिसतो. मोडतो तो मधल्या जागेत, आणि मधल्या जागेची टेस्ट कुणाच्याच यादीत नसते.

ठरलं: सर्व्हर कुठलाही एडिटर सुरू करणार नाही. रेपोत एक छोटी स्क्रिप्ट, ती कॅटालिना बेस आपल्या फोल्डरला लावेल आणि टॉमकॅटचीच स्क्रिप्ट चालवेल. काका पाच मिनिटं गप्प होते. नेटबीन्समधलं रनचं हिरवं त्रिकोणी बटण सोडायचं म्हणजे त्यांच्यासाठी मोठीच गोष्ट.

२७ जुलै, रविवार

मराठीचं प्रकरण. आजची नोंद लांबणार.

काउंटरवर बसणाऱ्या ताईंनी फोटो पाठवला, विंडोजच्या नव्या पीसीवर चाचणी म्हणून पुस्तक दिलं की सर्व्हरच्या काळ्या खिडकीत सभासदाच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हांची माळ. डेटाबेसमध्ये नाव बरोबर, ब्राउझरमध्ये बरोबर, पावतीवर बरोबर. फक्त तिथेच नाही. ताईंचं म्हणणं, खिडकी बंदच करा ना, मला कशाला दाखवता. मुद्दा रास्त आहे पण आम्हाला ती लागते.

पोरीने एक निरीक्षण केलं ते भारी होतं, काही ओळी प्रश्नचिन्हवाल्या आणि काही ओळी बरोबर, एकाच खिडकीत. मग खिडकीचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) बदलून बघितलं तर बरोबर होत्या त्या ओळींची चित्रविचित्र युरोपियन अक्षरं झाली आणि प्रश्नचिन्हं मात्र प्रश्नचिन्हंच राहिली. इथेच उत्तर होतं. विचित्र अक्षरं दिसली तर मजकूर शाबूत आहे, वाचणारा चुकीचं वाचतोय. प्रश्नचिन्हं दिसली तर मजकूर लिहितानाच मेला, आता खिडकीत काहीही बदला, परत येत नाही.

ज्या ओळी बरोबर त्या टॉमकॅटच्या लॉगरमधून (नोंदी लिहिणाऱ्या भागातून) येतात, त्याच्या लॉगिंगच्या फाइलीत कन्सोलसाठी यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारं एन्कोडिंग) लिहिलेलं असतंच. प्रश्नचिन्हवाल्या ओळी आमच्या कोडमधल्या, जुन्या सिस्टिम डॉट आउटच्या (जावाची थेट खिडकीत छापायची साधी सोय). आणि जावामध्ये इथे बदल झालेत. जावा १८ पासून डीफॉल्ट एन्कोडिंग सगळीकडे यूटीएफ-८, त्यामुळे पूर्वी सगळे सांगायचे तो फाइल डॉट एन्कोडिंगचा ऑप्शन लावून आता काही होत नाही, ते आधीच तसं आहे. पण सिस्टिम डॉट आउट त्यात येत नाही, त्याचं वेगळं, जावा १९ पासून स्टडआउट डॉट एन्कोडिंग म्हणून. आउटपुट खऱ्या टर्मिनलला जोडलेला असेल तर टर्मिनलचं एन्कोडिंग, आणि एखाद्या प्रोग्रामने पाइपमधून, म्हणजे टर्मिनलऐवजी थेट स्वतःकडे, घेतलेला असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमचं मूळ. इंग्रजी विंडोजवर ते मूळ म्हणजे विंडोज-१२५२, ज्यात देवनागरी नाहीच. आता एडिटरमधून सर्व्हर चालवला की आउटपुट पाइपमधूनच जातो! आणि नव्या पीसीवर आम्ही जो छोटा प्रोग्राम सर्व्हर चालू-बंद करायला ठेवलाय तोही तेच करतो.

म्हणजे टॉमकॅटने आपल्यापुरतं यूटीएफ-८ केलं, जावाने आपल्यापुरतं केलं, एडिटर आपल्या खिडकीपुरतं करतो, आणि देवनागरी लिहिणाऱ्याला तिन्ही एका रेषेत आणायचं काम. चिनी लोक या त्रासात आपल्या कितीतरी आधीपासून आहेत, ते लॉगिंगच्या फाइलीत यूटीएफ-८ काढून जीबीके (चिनी एन्कोडिंग) घालतात. आपल्याला तो मार्गही नाही, देवनागरीसाठी विंडोजचं तसं जुनं रोजच्या वापरातलं एन्कोडिंगच नाहीये, यूटीएफ-८ नाहीतर काहीच नाही.

काय केलं: स्टडआउट (नेहमीचं आउटपुट) आणि स्टडएरर (चुकांचं आउटपुट) दोन्हीचे ऑप्शन यूटीएफ-८ करून सेटएन्वमध्ये. ते जावाच्या कमांडवरच द्यावे लागतात. टॉमकॅटच्या कॅटालिना डॉट प्रॉपर्टीजमध्ये लिहिलेल्या गोष्टी सर्व्हर कुणीही सुरू केला तरी वाचल्या जातात, मोह झाला होता तिथे लिहायचा, पण त्या वाचेपर्यंत सिस्टिम डॉट आउट तयार होऊन बसलेला असतो. दुसरं, सगळे सिस्टिम डॉट आउट काढून लॉगर घालायला सुरुवात. पोरगी करतेय.

३ ऑगस्ट, रविवार

डीबगिंग, म्हणजे चालता कोड थांबवून चूक शोधणं. हे इतकं सुरळीत झालं की लिहायला फार काही नाही, आणि तेच लिहायचंय.

टॉमकॅट जेपीडीए मोडमध्ये (डीबगरला जोडू देणाऱ्या) सुरू केला, पोर्ट ८०००. तिघांनी आपापल्या एडिटरमधून त्याला अटॅच केलं, अर्थात एका वेळी एकाने, ब्रेकपॉइंट (या ओळीवर थांब अशा खुणा) लावले, थांबले. संपलं. कारण इथे एडिटर आणि सर्व्हर एकमेकांना ओळखतच नाहीत, दोघं जावाच्या डीबग प्रोटोकॉलला ओळखतात. एकच लक्षात ठेवायचं, जावा ९ पासून नुसता पोर्ट नंबर दिला तर तो फक्त त्याच मशीनवरून जोडता येतो, दुसऱ्या मशीनवरून हवं तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. ते ठीकच आहे. डीबग पोर्ट उघडा म्हणजे घर उघडं.

काकांनी मग जेएसपीच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावून दाखवला आणि पोरीचं तोंड उघडं राहिलं. जेएसपी मुळात चालतच नाही, टॉमकॅट तिचं जावा क्लासमध्ये रूपांतर करतो, मग जेएसपीच्या ४० व्या ओळीवर थांबायचं कसं? तर रूपांतर करतानाच टॉमकॅट त्या क्लासमध्ये एक नकाशा लिहून ठेवतो की ही जावाची ओळ म्हणजे जेएसपीची अमुक ओळ, आणि डीबगर तो नकाशा वाचतो. जेएसआर ४५, फार जुनं. नकाशा लिहितो सर्व्हर, वाचतो एडिटर, दोघांनी एकमेकांचा कोड बघायची गरज नाही. जेएसआर ८८ गेलं आणि हे का टिकलं यावर काका आणि मी चहा गार होईपर्यंत भांडलो. माझं मत असं की ८८ ने सर्व्हरला काय करावं ते सांगितलं, ४५ ने फक्त काय लिहून ठेवावं ते. काकांचं मत की ८८ सनने अर्धवट सोडलं, बस.

१० ऑगस्ट, रविवार

डिप्लॉय. टॉमकॅटच्या मॅनेजरला (अ‍ॅप चढवायच्या-उतरवायच्या भागाला) साधा मजकुराचा दरवाजा आहे, यूआरएलवर वॉर पाठवा, ओके म्हणून एक ओळ परत येते. टॉमकॅट ७ पासून माणसासाठीचा रोल (परवानगीचा प्रकार) वेगळा आणि स्क्रिप्टसाठीचा वेगळा, आपल्याला मॅनेजर-स्क्रिप्ट लागतो, मॅनेजर-जीयूआय देऊन भागत नाही, जुन्या ट्युटोरियलमध्ये नुसतं मॅनेजर असतं ते आता चालत नाही. नेटबीन्सही याच दरवाजाने जातो. आम्ही कर्लची (यूआरएलवर फाइल पाठवणाऱ्या कमांडची) एक ओळ स्क्रिप्टमध्ये घातली, तिघांच्या एडिटरमध्ये तिला शॉर्टकट. काकांनी तो एफ६ ला लावला, जिथे त्यांचं रन असायचं.

राखीचा दुसरा दिवस, पोरगी भावाकडे, लवकर आटोपलं.

२४ ऑगस्ट, रविवार

२७ जुलैच्या एन्कोडिंगच्या प्रकरणावरून वाटलं की हे वर कळवायला हवं, निदान एका एडिटरच्या सर्व्हर प्लगिनमध्ये तरी, की सर्व्हर सुरू करताना आउटपुट तुम्ही पाइपमधून घेता तर त्याचं एन्कोडिंगही तुम्हीच सांगा. पोरीने विचारलं, दादा, हे एडिटरवाल्यांना लिहायचं की टॉमकॅटवाल्यांना? चांगला प्रश्न आहे. पाइप कोण लावतो? एडिटर. मग त्यालाच. टॉमकॅटला लिहिलं असतं तर त्यांनी अगदी सभ्यपणे हा जावाचा विषय आहे म्हटलं असतं, आणि ते खरंच आहे.

इश्यू (चूक कळवणारी नोंद) लिहायला एन्कोडिंग शोधायला लागला तितकाच वेळ लागला. वाचनालयाचं काहीही नको, फक्त एक सर्व्हलेट जो देवनागरीत एक शब्द छापतो एकदा सिस्टिम डॉट आउटने आणि एकदा लॉगरने, जावाची आवृत्ती, टॉमकॅटची आवृत्ती, विंडोजची भाषा, टर्मिनलमधून काय दिसतं आणि एडिटरमधून काय. काकांनी पहिल्या मसुद्यातलं निम्मं खोडलं, म्हणाले, तक्रार नको, कृती द्या, त्यांच्या मशीनवर घडलं पाहिजे. पॅच (कोडमधली दुरुस्ती) द्यायचाच झाला तर एक्लिप्सकडे आधी काँट्रिब्यूटर करारावर सही लागते, अपाचेकडे छोट्या दुरुस्तीला नुसती पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घ्यायची विनंती) चालते. पोरीने सही करून ठेवली, आधीच. मी अजून नाही.

३१ ऑगस्ट

उत्तर आलं. चीनमधल्या कुणीतरी खाली लिहिलं की आमच्याकडेही असंच होतं, सोबत स्क्रीनशॉट. मेंटेनरने (तो कोड सांभाळणाऱ्याने) विचारलंय की यूटीएफ-८ सक्तीने लावलं तर जे आज जीबीकेवर चालवतायत त्यांचं मोडेल का. म्हणजे सेटिंग हवं, सक्ती नाही. पोरगी पॅच लिहितेय, डीफॉल्ट जुनंच, एक ड्रॉपडाउन नवीन. घरोघरी गणपती, त्यामुळे या आठवड्यात जेवढं होईल तेवढं.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) बघून सगळे पहाटे घरी, आज दुपारी दोनच्या आधी कुणी उठलेलं नाही. तरी काउंटरचा पीसी बदलला. ताईंनी पहिलं पुस्तक दिलं, खिडकीत नाव मराठीत, जोडाक्षरासकट. त्यांनी बघितलंही नाही, पुढच्या सभासदाला कार्ड विचारत होत्या.

राहिलेलं: टॉमकॅट ११ वर एकदा चालवून बघणं, त्याला जावा १७ पुरतं, आपण २१ वर आहोतच. जुन्या ग्लासफिशचं फोल्डर दिवाळीपर्यंत ठेवायचं, मग उडवायचं. स्क्रिप्टची विंडोज आवृत्ती काकांकडे, त्यात अवतरणं कुठे द्यायची ते त्यांनाच ठरवू दे. पॅचवर दोन कमेंट आल्यात, एक टेस्ट मागितलीय, पोरगी म्हणते बुधवारी.